आबांचा मुका पक्षी

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही. ताटात मीठ वाढायला सांगायचं असलं तरी आम्ही असे ओरडतो, की शेजारच्या मावशी एकदा पाण्याची बादली घेऊन धावत आल्या होत्या. त्यांना वाटलं, आग लागली. नवा पाहुणा पहिल्या दिवशी दचकत असतो, दुसऱ्या दिवशी तोही ओरडायला लागतो आणि गावी गेल्यावर त्याच्या घरचे त्याला विचारतात, सुरतेत काय झालं तुला?

याचं कारण आबा, म्हणजे माझे वडील. खानदेशातून तरुणपणी आले ते सुरतेच्या लिंबायतमध्ये खोली घेऊन राहिले आणि निवृत्त होईपर्यंत कापड विणायच्या लूमवर उभे राहिले. ज्यांनी लूमचं खातं, म्हणजे कारखाना, आतून पाहिलेलं नाही त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. आत गेलं की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. म्हणून तिथले कामगार एकमेकांच्या ओठांकडे बघतात आणि लांबून हातांच्या खुणा करतात. तळहात धोट्यासारखा इकडून तिकडे हलवला, की लूम चालू. मूठ आवळली, की बंद. दोन बोटं फाकवली, की धागा तुटला. मिशीला पीळ दिला, की शेठ आला. आबांच्या शेठला मिशी नव्हती, पण त्याच्या आधीच्या शेठला होती, आणि खूण बदलायला कुणाला वेळ होता!

या खुणा आबांनी घरी आणल्या आणि आम्ही त्या लहानपणी खेळ म्हणून उचलल्या. शाळेत निबंध न लिहिता बसलेली असताना मी मैत्रिणीला मिशीची खूण करायचे, म्हणजे बाई आल्या. आजही जेवताना माय स्वयंपाकघरातून मूठ दाखवते, म्हणजे पोळ्या संपल्या. तेव्हा आमच्या घरात अर्धं बोलणं ओरडून आणि उरलेलं हातांनी, असा कारभार आहे. अशा घरात कुणाला किती ऐकू येतं, हे कळणार कसं?

आबांचा मोठा अभिमान म्हणजे खोट ओळखणं. कापडाचा तागा उजेडासमोर धरला की तुटका धागा त्यांना लगेच दिसायचा. ‘मना हातखालतून खराब माल गया नही,’ हे त्यांचं अहिराणी वाक्य आम्ही लग्नात, मयतीत, बँकेच्या रांगेत, सगळीकडे ऐकलं आहे. म्हणून शेठने एक दिवस खांद्यावर हात ठेवून ‘काका, हवे आराम करो’, आता आराम करा, असं म्हटलं, तेव्हा आबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. खराब मालासारखं आपल्याला बाजूला काढलं, असं त्यांना वाटलं. मायला ते एवढंच म्हणाले, ‘मी काय बिघडेल शे का?’ माय नाही म्हणाली, पण त्यांनी बहुतेक तिच्या ओठांकडे पाहिलं नसावं.

मग घरी बसून ते घरातल्या वस्तूंची तपासणी करायला लागले. आधी कुकर नापास झाला. ‘हानी शिटीच वाजत नही,’ म्हणाले आणि नवी शिट्टी आणली. तीही नापास. मग दारावरची घंटी. आमची घंटी दाबली की चिमणीसारखी चिवचिवायची. ती काढून त्यांनी एक नवी लावली, जिचा आवाज गाय हंबरल्यासारखा होता. मग माझा मोबाइल. मग माशा मारायची विजेची रॅकेट. काढलेल्यांपैकी मावेल ती प्रत्येक वस्तू ते श्रीखंडाच्या जुन्या डब्यात ठेवायचे, कारण लूमवरचा माणूस एक स्क्रूसुद्धा फेकत नाही. मी म्हणायचे, असू दे, वेळ जातो त्यांचा. मायचं मत थोडं निराळं होतं. ती म्हणायची, ‘ह्या मानूसले काहीतरी काम लाव पोरी, नही तर आते माले उघडीसन पाहतीन आत काय बिघडेल शे.’

म्हणून पक्षी.

कल्पना माझी होती आणि मला तिचा आजही अभिमान आहे, मध्ये काहीही झालं असलं तरी. मी कापड मार्केटमध्ये एका दुकानात साड्यांचे फोटो काढून गिऱ्हाइकांना मोबाइलवर पाठवते. आमच्या शेठच्या घरी पक्षी आहेत आणि शेठ शांत माणूस आहे, एवढ्यावरून मी निष्कर्ष काढला. रविवारी आम्ही तिघं पक्ष्यांच्या बाजारात गेलो.

मायला पोपट हवा होता. हिरवा, लाल चोचीचा, जो सकाळी ‘राम राम’ म्हणेल आणि दारात उधारीवाला आला तर ‘कोनी नही घरमा’ म्हणेल. दुकानदाराने कानाला हात लावले. ‘मासी, देशी पोपट राखवानी मनाई छे. जंगलखातावाळा आवशे.’ माय हिरमुसली. मग त्याने छोटे रंगीत पक्षी दाखवले, जोडीने बसणारे. ते एकमेकांच्या इतके अंगाअंगाला चिकटून बसले होते, की आबांनी मान दुसरीकडे वळवली. मग त्याने एक राखाडी पक्षी बाहेर काढला. डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर कुणीतरी कुंकवाची बोटं पुसावीत तसे नारिंगी ठिपके.

‘हे कोण?’ मी विचारलं.

‘कॉकटेल,’ दुकानदार म्हणाला.

आबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, म्हणजे फक्त चार दुकानांना ऐकू जाईल इतका. ‘गुजरातमा हाई चालस का?’

ते पक्ष्याचंच नाव आहे, हे समजावण्यात बराच वेळ गेला. मग आबांनी तपासणी सुरू केली. पक्षी कसा निवडावा याची माहिती मी मोबाइलवर वाचून ठेवली होती. डोळे स्वच्छ हवेत, नाकपुड्या कोरड्या, पिसं नीट बसलेली, शेपटीखाली घाण नको. मी हे वाचून दाखवत होते आणि आबा माझ्याकडे लक्ष न देता नेमकं तेच बघत होते. फक्त पद्धत तागा तपासायची. पक्ष्याचा पंख त्यांनी हळूच उजेडासमोर पसरला, सरळ बाजू पाहिली, उलटी बाजू पाहिली, काठ बघितला. पक्ष्याने त्यांचं बोट चावलं. ‘जोर शे,’ आबा खूश होऊन म्हणाले.

‘बोलतो का?’ त्यांनी विचारलं.

‘काका, आखो दिवस सीटी मारे!’ दुकानदार म्हणाला. ‘नर छे. नर ज सीटी मारे.’

‘ते तर घरमा बी असंच शे,’ माय म्हणाली.

पक्षी घरी आला. खिडकीजवळ, पण वाऱ्याच्या झोतात नाही, स्वयंपाकघराच्या धुरापासून लांब, अशी जागा आबांनी अर्धा दिवस फिरून ठरवली. त्या जागी टीव्ही होता, तो हलला. खायला राळे, भिजवलेले मूग, कोथिंबीर. चोच घासायला समुद्रफेस. रात्री पिंजऱ्यावर झाकण म्हणून मी दुकानातली जॉर्जेटची एक चुकीची रंगलेली साडी आणली, तर आबांनी ती उजेडासमोर धरून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच विरळ विणलेली आहे. मग त्यांनी जाड मांजरपाट आणला, स्वतः शिवला, आणि पिंजऱ्याला पँट शिवल्यासारखं ते दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी बोलायला लागला. बोलायला म्हणजे काय, त्याने शिट्टी मारली ती थेट मेंदूत. मी अंथरुणातून उडाले. मायच्या हातातला चहा सांडला. शेजारच्या मावशी सवयीने बादली घेऊन आल्या. आणि आबा पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसले होते आणि वाट बघत होते.

संध्याकाळी त्यांनी निकाल जाहीर केला. ‘हाऊ मुका शे.’

माय म्हणाली, ‘सकायपाईन बोंबली राहिना तो!’

‘त्याले बोंबलनं म्हनतस का?’ आबा म्हणाले.

आम्हाला वाटलं, झालं, नेहमीप्रमाणे मालात खोट काढली. दुकानदाराने सांगितलेल्या प्रतीची शिट्टी नाही, म्हणून हे ती शिट्टी धरतच नाहीत. आबांचा स्वभाव बघता यात काही नवल नव्हतं. त्यांनी माझ्या चुलत बहिणीच्या नवऱ्याला वर्षभर जावई धरलं नव्हतं, कारण त्याच्या सदऱ्याचं कापड नव्वद टक्के पॉलिएस्टर होतं.

मग मुक्या पक्ष्यावर उपचार सुरू झाले. आबांनी त्याला मिरची दिली, ती त्याने आबांच्या अंगावर टाकली. बोलायला शिकवायचं म्हणून ते पिंजऱ्याला तोंड लावून लूमच्या आवाजात ‘राम राम!’ ओरडायचे. पक्षी बिचारा तुरा ताठ करून, दांडीच्या टोकाला जाऊन, गप्प व्हायचा. आबा दमून पाणी प्यायला उठले की हा सुरू. आणि हळूहळू तो कुकरची शिट्टी शिकला. अगदी हुबेहूब, सुरुवातीची फुसफुस धरून. माय शिट्ट्या मोजून गॅस बंद करायची. त्या आठवड्यात आम्ही कच्ची तूरडाळ खाल्ली, कच्चा भात खाल्ला आणि एकदा तर कुकर गॅसवर ठेवायच्या आधीच मायने गॅस बंद करायला हात नेला. आबा कच्चा भात चावत म्हणाले, ‘मी सांगेल व्हतं, कुकर खराब शे.’

शेवटी रविवारी ते पायात चपला घालून उभे राहिले. ‘फसाडं आपले त्यानी. परत करी येऊ.’

मी खूप समजावलं. माय तर पिंजऱ्याला धरून बसली, कारण कच्चा भात देत असला तरी पक्ष्यावर तिचा जीव जडला होता. त्याला ती भाचा म्हणायची. पण आबांच्या हातून खराब माल जात नाही, तसाच त्यांच्या घरी राहतही नाही. त्यांनी पिंजरा मांडीवर घेतला आणि आम्ही दोघं रिक्षात बसलो.

रिक्षा निघाली तशी पक्ष्याला कंठ फुटला. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला, आजूबाजूला पाहिलं, पुन्हा निघाला. पुन्हा शिट्टी, पुन्हा ब्रेक. असं चौकाचौकात. शेवटी तो मागे वळून म्हणाला, ‘चाचा, इसको चुप कराओ. मेरे को लगता है पुलिस सीटी मार रहा है.’

‘काय म्हनस हाऊ?’ आबांनी मला विचारलं.

मी उत्तर देणार तेवढ्यात पक्ष्याने आबांच्या कानाजवळ, अगदी वीतभर अंतरावर, लांबलचक शिट्टी मारली. बाजूच्या स्कूटरवरच्या माणसाने वळून पाहिलं. आबांची पापणीही हलली नाही. ते गजांतून बोट घालून त्याच्या तुऱ्याखाली खाजवत होते आणि अगदी मऊ आवाजात म्हणत होते, ‘बिचारा. मुका शे, त्यामा त्याना काय दोष?’

कुकर, घंटी, मोबाइल, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आबांना जाडे आवाज ऐकू येत होते, आमचं ओरडणं ऐकू येत होतं, बाकीचं ते ओठांवरून वाचत होते. बारीक आवाज मात्र लूमने कधीच खाऊन टाकले होते. आणि पक्ष्याला ओठ नसतात.

मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय? रिक्षात ओरडून सांगायचं, आबा, माल चांगला आहे, तुमचे कान गेलेत? ज्या माणसाने ‘मी काय बिघडेल शे का’ असं एकदाच विचारलं होतं, त्याला हे असं सांगायचं? विचार करेपर्यंत बाजार आला.

आबांनी पिंजरा दुकानाच्या फळीवर आपटला. ‘मुका पक्षी विकता? हा बोलत नाही!’

एवढं म्हणायचा अवकाश, पक्ष्याने आपल्या जुन्या सोबत्यांना पाहिलं आणि तो वेडापिसा झाला. साधी शिट्टी मारली, वळणाची मारली, कुकर लावला, कुकर उतरवला, रिक्षाचा हॉर्नही मध्येच घातला, जो तो वाटेत शिकला असावा. गिऱ्हाइकं जमली. दुकानदार आबांकडे बघतच राहिला. ‘काका, आ तो बोले छे!’

‘कुठे बोलतो? दाखव!’ आबा त्याहून मोठ्याने.

लोक हसायला लागले. त्यांची चूक नाही, दुसऱ्या कुणाच्या वडिलांबाबत असतं तर मीही पोट धरून हसले असते. दुकानदाराच्या मागे उभा असलेला एक जण शेजारच्याला अगदी हळू म्हणाला, ‘काका बहेरा छे.’ गर्दीत ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. आबांना गेलं. म्हणजे, दिसलं.

त्यांनी आधी त्या माणसाकडे पाहिलं, मग पक्ष्याच्या चोचीकडे. चोच उघडत होती, मिटत होती, गळा फुगत होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात कमरेपाशी, लोकांना दिसणार नाही असा खाली धरून त्यांनी मूठ आवळली. बंद? मग मूठ उघडली आणि तळहात इकडून तिकडे हलवला. चालू?

मी मूठ दाखवली असती तर ते जिंकले असते. दुकानदार लबाड ठरला असता, पक्षी परत गेला असता आणि आबा मान ताठ करून घरी आले असते. मूठ आवळायला मला किती सोपं होतं! पण खोटी खूण केली की लूमवर कुणाची तरी बोटं जातात, हे आम्हाला खेळ शिकवतानाच आबांनी शिकवलं होतं. मी तळहात हलवला. चालू.

आबांनी मान डोलावली. खाकरले. मग दुकानदाराकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, ‘पक्षी चांगला आहे. कडी ढिली आहे पिंजऱ्याची. ती दाखवायला आणला.’

कडीला काहीही झालं नव्हतं. दुकानदाराने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कडीकडे. मग पक्कड काढून त्या धडधाकट कडीला तारेचा एक वेढा घातला आणि आबांच्या समोर तोंड आणून, सावकाश म्हणाला, ‘साची वात, काका. ढीली हती.’ त्या माणसाचं भलं होवो.

घरी मायला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. ऐकून तिने डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. मग बाहेर पक्षी वाजायला लागला तशी उठून दारात गेली आणि पिठाचा हात आबांच्या दिशेने हलवला. चालू. आबांनी खुर्चीतून मुकादमासारखी मान हलवली. त्यानंतर हेच सुरू झालं. पक्षी वाजला की जो कोणी घरात असेल त्याने हात हलवायचा. शेजारच्या मावशीही शिकल्या. मात्र पक्षी दिवसभर वाजायचा, त्यामुळे आमचे हात दुखायला लागले, आणि कानाची तपासणी करायचा विषय खरं तर त्यातून निघाला. आबा नको म्हणाले. माय म्हणाली, ‘जनमभर मशिन चालाडं, आते कानमा एक बसाडं तं काय व्हयनं?’ आबांनी चपला घातल्या.

कानातलं मशिन आलं त्या सकाळी आम्ही त्यांना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. आबांनी ते कानात घातलं, कपाळाला आठी घातली. पक्ष्याने कुकरची शिट्टी मारली. आबा दचकून स्वयंपाकघराकडे वळले. ‘गॅस बंद कर!’ पण कुकर फळीवर पालथा होता. त्यांनी पक्ष्याकडे पाहिलं. पक्ष्याने पुन्हा मारली. आबांचं तोंड उघडंच राहिलं, मग ते हसायला लागले, खुर्ची हलेपर्यंत हसले. ‘हाऊ इतला बोंबलस! अन् तुम्ही कसं सहन करतस? त्याले तेल घाला रे कोनी!’

मग हसता हसता ते थांबले. ‘म्हनजे कुकर बी चांगला व्हता,’ म्हणाले. उठले, श्रीखंडाचा डबा काढला. शिट्ट्या बाजूला ठेवल्या, जुनी घंटी घेतली, दाराशी स्टूल मांडून हंबरणारी गाय उतरवली आणि ही जोडली. माय स्टूल धरून उभी होती. आबा दाराबाहेर गेले आणि त्यांनी बटण दाबलं. घंटी चिवचिवली. आतून पक्ष्याने उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा उत्तर आलं.

‘काहीच बिघडेल नव्हतं,’ आबा म्हणाले. इतक्या हळू, की आमच्या घरात तसं कुणी कधी बोललेलं नव्हतं.

माझा चेहरा बहुतेक बघण्यासारखा झाला असावा. कारण त्यांनी उंबऱ्याबाहेरून माझ्याकडे पाहिलं, एक बोट घंटीवर तसंच ठेवलं, दुसरा हात कानापाशी नेला आणि तळहात हलवला. इकडून तिकडे.